ते पार्सल निघालंच नव्हतं

सुजा,

तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. तुझ्या प्राचार्यांनी मला कॉलेजच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. "लहानपणीच्या आठवणी लिहा, मुलांना आवडतील," म्हणाले. तीन दिवस कागद घेऊन बसतोय. दोन ओळी होतात आणि हात थांबतो. तुझ्याबद्दल काहीही लिहिण्याआधी तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं मला खोटं वाटतं.

तुझ्या जांघेतल्या गाठीचा जो तुकडा पुण्याच्या प्रयोगशाळेत जायचा होता, तो रस्त्यात खराब झाला नाही. बर्फ संपला नाही. कुरिअरवाल्याने उशीर केला नाही. ते पार्सल निघालंच नव्हतं. तो तुकडा मी माझ्या हाताने फॉर्मॅलिनमध्ये टाकला होता.

सात महिने मी हे तुझ्यापासून लपवलं. रोज तुझ्यासमोर बसून लपवलं.

तुझ्या वर्गातली मुलं हे वाचतील, म्हणून तुला माहीत असलेल्या गोष्टीही सांगतो. "मुलांना माहीत आहे असं कधी धरू नये," असं तूच म्हणायचीस. मी सव्वीस वर्षं इथल्या एका रुग्णालयात पॅथॉलॉजी विभागात टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा आमच्याकडे येतो. तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, म्हणजे कुजत नाही. मग मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि काचेवर लावून डॉक्टरांना द्यायचे. नवीन शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगतो: तुकडा आला की आधी फॉर्मॅलिन, मग बाकीचं जग. तू माझी नक्कल करायचीस. जेवायला बसलो की भाजीच्या वाटीकडे बोट दाखवून म्हणायचीस, "दादा, आधी फॉर्मॅलिन."

पण तुला माझ्या कामाचा अभिमानही होता. दर वर्षी बारावीची मुलं घेऊन यायचीस आणि मी मशिनवर काप काढत असलो की त्यांना दबक्या आवाजात सांगायचीस, "हे माझे दादा. यांच्या हाताला डोळे आहेत." मुलं माझ्या हाताकडे बघायची. मी उगाच जास्तच सावकाश चाक फिरवायचो.

त्या हाताने काय केलं ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

दौलताबादला मुलांची सहल घेऊन गेलीस, किल्ला चढून आलीस, आणि टाचेला काळा ठिपका दिसला तेव्हा काटा मोडला असं आपण सगळेच समजलो. माय चष्मा लावून सुई घेऊन बसली. "हलू नगं. निघतोय बघ." "माय, तो काटा नाही." "मंग काय हाय? टाचंत तीळ असतो व्हय कुणाला?" तू हसत होतीस आणि ती टोकरत होती. काटा निघाला नाही. मी म्हणालो, त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. तू म्हणालीस, प्रॅक्टिकल परीक्षा होऊ देत. मग पेपर तपासणी. मग माझाच एक महिना दुसऱ्या कुणाच्या लग्नात गेला. नंतर आपण यावर किती भांडलो! मी म्हणायचो, तू ऐकलं नाहीस. तू म्हणायचीस, रोज कॅन्सर बघणारा तू, तुझ्या डोळ्यांना बहिणीची टाच दिसली नाही का. ते भांडण कधी मिटलं नाही. तू गेलीस म्हणून ते थांबलं, एवढंच.

शेवटी टाचेचा तुकडा तपासायला काढला, त्याची काच मी दुसऱ्याकडून करून घेतली. पण ती झाल्यावर आमच्या विभागाच्या डॉक्टर मॅडमच्या आधी मीच बघितली. तपकिरी रंगद्रव्याने भरलेल्या पेशी, कातडीच्या थरातून खाली उतरत गेलेल्या. मेलॅनोमा. तुला सांगायला घरी आलो तर तू उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बसली होतीस. माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि लाल पेनचं टोपण लावलंस. "बोल," म्हणालीस.

त्यानंतर तू जे केलंस ते मला आधी मुळीच आवडलं नाही. तू वाचायला लागलीस. बायका देवाधर्माचं वाचतात, तू शोधनिबंध वाचायला लागलीस. रंगीत पेनांनी खुणा करून, अडलेल्या शब्दांची वही करून. जीवशास्त्र शिकवण्यात तुझी वीस वर्षं गेली होती, तरी म्हणायचीस, "मी शिकवते ते किती जुनं आहे रे."

एका रविवारी दुपारी गच्चीवर गव्हाला ऊन देत होतो तेव्हा तू मला ते समजावून सांगितलंस. बाबा रेल्वेत गँगमन, मुकुंदवाडीचं स्टेशन घरापासून हाकेवर, म्हणून तू रुळाचंच उदाहरण घेतलंस.

"समज, जनुक म्हणजे लांबच लांब रूळ. मध्ये मध्ये स्टेशनं. लासूर, पोटूळ, दौलताबाद, असं करत मुकुंदवाडी. प्रथिन बनवायचं तर पेशी आधी या रुळाची नक्कल काढते. त्या नकलेला आरएनए म्हणतात. मग त्यातला मधला माळ सगळा कापून टाकते आणि स्टेशनाला स्टेशन जोडते. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"माळ कापायचा, स्टेशनं जोडायची."

"बरोबर. तू माझा पहिला विद्यार्थी, आणि सगळ्यात ढ, तरी बरोबर सांगितलंस. आता कर्करोगाच्या पेशीत ही कापाकापी बिघडते. पोटूळ गळतं आणि लासूरला थेट दौलताबाद जोडलं जातं. नाहीतर माळाचा तुकडा तसाच राहतो आणि गाडी भर शेतात उभी राहते. अशा चुकीच्या जोडातून जे प्रथिन तयार होतं ते निरोगी कातडीत कुठंच नसतं. पेशी त्याचे बारके तुकडे आपल्या अंगावर मांडून ठेवते. रक्तातल्या राखणदार पेशींनी तो तुकडा ओळखला तर त्या पेशीला मारतात. अशा ओळखखुणेला प्रतिजन म्हणतात."

"मग तुझ्या राखणदारांनी का नाही ओळखलं?"

तू गव्हात हात फिरवत राहिलीस. म्हणालीस, "उन्हाने होणाऱ्या कातडीच्या कर्करोगात जनुकांत ढीगभर चुका असतात. खुणा पुष्कळ, राखणदारांना सापडायला सोपं. टाचेला ऊन कुठं लागतं? माझ्या जनुकांत चुका कमी असणार. म्हणून खुणाही कमी. म्हणून काही लोक जोडांमध्ये शोधतात. जनुक ठीक असतं, पण जोड चुकलेला असतो. तिथं एखादी खूण सापडली तर लस करता येईल, राखणदारांना शिकवता येईल. आज नाही. पण कधीतरी."

माय पलीकडे सूप घेऊन बसली होती. ती म्हणाली, "म्हंजी ह्या पेशी बाहेरून आल्या न्हाईत?"

"नाही माय, आपल्याच."

"आपल्याच, अन् आपल्याच जिवावर उठल्या?"

"त्यांचं लिहिण्यात चुकतंय."

"तुझ्या वर्गातल्या पोरांवानी."

"व्हय. फक्त ही पोरं नापास होत नाहीत. वरच्या वर्गात जातात."

माय हसली. तूही हसलीस. मी खाली निघून गेलो, म्हणालो फोन आलाय. फोन आला नव्हता.

जांघेत गाठ आली तेव्हा तू पुण्यातल्या त्या संशोधक बाईंना पत्र लिहिलंस. त्या अशाच चुकलेल्या जोडांवर काम करत होत्या. त्यांचं उत्तर आलं त्या दिवशी तू कित्येक महिन्यांनी पावडर लावलेली मला आठवते. त्यांनी लिहिलं होतं की टाचेवरच्या मेलॅनोमाचे ताजे नमुने फार कमी मिळतात, तुमचा मिळाला तर मोलाचा ठरेल. फक्त तो फॉर्मॅलिनमध्ये गेलेला चालणार नाही. फॉर्मॅलिनने आरएनएचे तुकडे तुकडे होतात, आणि कोणतं स्टेशन कोणाला जोडलं गेलं हे बघायला लांब, अखंड धागा लागतो. त्यांनी दोन छोट्या नळ्या पाठवल्या, आरएनए टिकवणारं द्रावण भरलेल्या. सोबत सूचनांचा कागद. त्यावर तू लाल पेनने "फॉर्मॅलिन नाही" या शब्दांखाली तीन रेघा मारल्यास आणि माझ्या हातात दिलास.

तेव्हा आपण भांडलो. मी म्हणालो, "तुला याचा काय उपयोग? तुझा इलाज यावरून ठरणार आहे का?"

"नाही ठरणार."

"मग कशाला स्वतःला बरणीतला नमुना करून घेतेस?"

"माझ्या पेशींनी कुठं काय चुकीचं जोडलं ते मला बघायचंय, दादा. मास्तरणीला निदान पेपर तपासायला तरी मिळू दे."

"तुला प्रत्येक गोष्टीचा धडा करायचा असतो."

"आणि तुला प्रत्येक गोष्टीला झाकण लावायचं असतं."

दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी चहाचा कप पुढे ठेवत म्हणालीस, "एवढं एकच काम सांगतेय तुला. बाकी काही मागत नाही." मी हो म्हणालो.

ऑपरेशन मंगळवारी होतं. डॉक्टर मॅडमनी परवानगी दिली होती. म्हणाल्या, "ताजा तुकडा तुम्हीच काढा. तुमच्यापेक्षा चांगला हात कुणाचा?" नळ्या आमच्या विभागातल्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात. तुझा कागद माझ्या खिशात. ऑपरेशन थिएटरच्या दारात सिस्टरने ट्रे माझ्या हातात दिला. गाठ अजून कोमट होती. सुजा, हे लिहू नये कदाचित. पण ती कोमट होती, आणि मला पहिल्यांदा कळलं की मी सव्वीस वर्षं हातात काय घेत आलोय.

मी ट्रे घेऊन खाली आलो. गाठीचं माप घेतलं. मग ती मधोमध चिरली, फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचावं म्हणून. बरणीत टाकली, दहा पट फॉर्मॅलिन ओतलं, झाकण घट्ट केलं, लेबल लावलं. तुझं नाव अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं. सगळं जसं करायला हवं तसं. मग हात धुतले आणि तुझ्यापाशी वर आलो, आणि संध्याकाळपर्यंत तुझ्या कॉटजवळ बसलो. तू शुद्धीवर येताना विचारलंस, "घेतला?" मी म्हणालो, "घेतला." तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो. मला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडला. नळ्या वरच्या कप्प्यात होत्या, तशाच, दोन्ही. मी त्या बघत उभा राहिलो. फ्रिजचं दार उघडं राहिलं म्हणून तो पिप पिप वाजायला लागला.

रात्रभर गाठ फॉर्मॅलिनमध्ये होती. नुसती टाकली असती तर मधला भाग थोडा वेळ तरी वाचला असता. पण मी ती चिरली होती. नीट, मधोमध. अडाणी माणसाच्या हातून एवढं पूर्ण नुकसान झालं नसतं.

लोकांना मी नंतर मनातल्या मनात सांगितलं की ती सवय होती. सव्वीस वर्षांची सवय, बहिणीची काळजी, डोकं ठिकाणावर नव्हतं. हे खरं आहे. पण तुला म्हणून अजून एक सांगतो. मला ते नळीतलं नको होतं. तुझा एक तुकडा कुठल्यातरी शहरात उणे ऐंशी अंशावर, अनोळखी माणसांच्या डब्यात, तू नसताना राहणार, ही कल्पना मला सहन होत नव्हती. हात सवयीने गेला की त्या न सहन होण्याने गेला, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्याच वेळी वर जाऊन सांगायला हवं होतं. तू चिडली असतीस, रडली असतीस, मग म्हणाली असतीस, "ढ तो ढच." मी ते ऐकून घेतलं असतं. पण तुझ्या जखमेत घातलेल्या नळीतून लाल पाणी पिशवीत उतरत होतं आणि तू विचारलंस, "पाठवलंस?" मी म्हणालो, "हो, सकाळीच." डॉक्टर मॅडमना म्हणालो, पाठवला. पुण्याच्या बाईंना फोन करून सांगितलं, गाठ लहान होती, तपासणीलाच सगळी लागली. तीन माणसं, तीन उत्तरं. मी आयुष्यात इतक्या सहजपणे कधी बोललो नव्हतो.

बाईंचं पत्र तुला तीन आठवड्यांनी मोबाइलवर आलं. वापरता येईल असा नमुना आमच्यापर्यंत पोहोचू शकला नाही याचं वाईट वाटतं, एवढंच. तू मला विचारलंस आणि मी म्हणालो, रस्त्यात बर्फ संपला असणार, कुरिअरवाल्यांनी ठेवलं असेल कुठं उन्हात. तू मोबाइल पालथा ठेवलास. "म्हणजे माझं काहीच कळणार नाही?" म्हणालीस. टाचेचा तो भाग कापून काढला तेव्हा तू रडली नव्हतीस. त्या दिवशी रडलीस.

मग तुझ्यातली मास्तरीण जागी झाली. तुला त्या कुरिअरवाल्याला जाब विचारायचा होता. मी टाळलं. आठवडाभर टाळलं. शेवटी तू चप्पल घालून दारात उभी राहिलीस, एका हातात काठी. "तू येतोस की मी एकटी जाऊ?" मला नाव सांगावं लागलं. मी चौकाजवळच्या एका कुरिअर ऑफिसचं सांगितलं, जिथं मी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

काउंटरवर पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते. त्यांनी रजिस्टर काढलं. बोटाने एकेक ओळ बघत तीन पानं उलटली. मग चौथं. मग म्हणाले, "बेटा, ऐसा कोई पार्सल आयाच नै हमारे पास."

"चाचा, नीट देखो. मंगळवारचं ऑपरेशन, बुधवारी दिया था. छोटा डिब्बा, अंदर बर्फ."

"देख लिया बेटा. आता तो याद रहता मेरेकू. बर्फवाला पार्सल रोज थोडी आता." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भाईसाब, आप लाए थे क्या?"

तू माझ्या दंडाला धरून उभी होतीस. पायावर भार येत नव्हता म्हणून.

मी म्हणालो, "हो. मैंने दिया था."

चाचा माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग रजिस्टर मिटलं. तू त्यांना म्हणालीस, "इस उमर में झूठ नहीं बोलना चाहिए, चाचा." रिक्षात बसल्यावर तू म्हणालीस, "माणसं तोंडावर कशी खोटं बोलतात रे, दादा. डोळ्यांत बघून." मी रिक्षाच्या बाहेर बघत होतो. तू माझा हात हातात घेतलास. तुला वाटलं, मला चाचांचा राग आलाय.

पुढचं तुला माहीत आहे. फुफ्फुसात उतरलं, मग यकृतात. राखणदारांना मोकळं सोडणारं औषध दिलं, पण तू म्हणाली होतीस तसंच झालं, त्यांना काही ओळखू आलं नाही. परत नमुना घेता येईल का, असं तू एकदा डॉक्टरांना विचारलंस. ते म्हणाले, आता नुसत्या तपासणीसाठी कापणं बरोबर नाही. तू मान हलवलीस. एक दार होतं ते मीच लावून बसलो होतो, आणि तू त्याच्यासमोर दुसरं शोधत होतीस.

एकदा मी सुरुवात केली होती. औषध घेऊन परत येताना, सिग्नलला रिक्षा थांबली होती. मी म्हणालो, "सुजा, ते पार्सल..." तू डोळे मिटूनच म्हणालीस, "सोड ना आता ते. तू का जिवाला लावून घेतोस? तुझी काय चूक?" मी थांबलो. तू डोळे उघडून परत विचारलंस, "तुझी चूक आहे का काही?" मी म्हणालो, "नाही." सिग्नल सुटला.

मी किती वेळा त्या "नाही"पाशी जातो, तुला काय सांगू. चूक फॉर्मॅलिनमध्ये झाली, तिची मी माफी मागू शकतो. पण तो "नाही" मी शुद्धीत म्हणालो. खरं सांगायची संधी तू आयती हातात दिली होतीस.

शेवटच्या आठवड्यात तू माझ्याकडून एक वही लिहून घेतलीस, धाप लागेल तशी थांबत. तुझ्या धड्यांच्या टिपणांत ज्या गोष्टी जुन्या झाल्यात त्यांची यादी. "एक जनुक, एक प्रथिन, हे मी मुलांना चुकीचं शिकवलं," म्हणालीस. "नवीन जो येईल त्याला सांग, एकाच जनुकापासून कितीतरी होतात, जोडण्यावर आहे." मी लिहीत होतो. तू माझं अक्षर बघून म्हणालीस, "दादा, तुझं अक्षर फार छान आहे." मला तुझ्या बरणीवरचं लेबल आठवलं आणि माझ्याच्याने पुढचं वाक्य लिहवेना. तुला ते दुःख वाटलं. माझ्या डोक्यावर हात ठेवलास, मी थोरला असून.

चार दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, मायच्या मांडीवर तुझे पाय होते आणि ती टाच दाबत होती तेव्हा तू गेलीस. मायला लवकर कळलं नाही. ती दाबतच होती.

आठव्या दिवशी मी त्या कुरिअर ऑफिसात गेलो. चाचा होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पार्सल नव्हतंच, तुम्ही खरं बोलत होता, माझी बहीण तुम्हाला बोलली, खोटा मी होतो. ते ऐकत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही येत नव्हतं.

"कौनसी बहन, भाई?"

"काठी होती हातात. बर्फाचं पार्सल."

"अरे, रोज पाच जने लड के जाते यहां. किस किस कू याद रखूं?" मग माझा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. स्टूल पुढे सरकवलं. "बैठो. पानी पिओ. माफ है भाई, जो भी है, माफ है."

मी पाणी प्यालो. पण ज्याला आठवतच नाही त्याने केलेली माफी घेऊन मी काय करू? ती मी तिथंच ठेवून आलो.

बाराव्या दिवशी तुझं पुण्यानुमोदन झालं. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. मग लोक तुझ्याबद्दल बोलायला उभे राहिले. तुझ्या एका विद्यार्थिनीने, ती आता नर्स आहे, सांगितलं की बाईंनी मला फळ्यावर पेशी काढायला लावली आणि चुकली तर पुसू दिली नाही, म्हणाल्या, चूक कुठं झाली ते आधी सगळ्यांना बघू दे. प्राचार्य बोलले. मग आपल्या मामांनी माईक घेतला आणि तुझ्याऐवजी माझ्यावरच बोलायला लागले. "भाऊ असावा तर असा. बहिणीच्या आजारात या माणसाने काय केलं नाही? स्वतःच्या हाताने तिच्या तपासण्या केल्या." लोकांनी वळून माझ्याकडे बघितलं. कुणीतरी पाठीवर हात ठेवला. मामांनी माईक माझ्यापुढे धरला. मी उठलो. समोर तुझा फोटो, मेणबत्त्या, आणि पन्नास-साठ माणसं. मी हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरला.

पाहुणे गेल्यावर मी आणि माय सतरंज्या झटकून घडी करत होतो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. मी तिला सांगितलं. नळ्या, बरणी, पार्सल, चाचा, रिक्षातला तो "नाही". सोप्या शब्दांत, जसं तू सांगितलं असतंस. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. सतरंजीची दोन टोकं जुळवायला ती माझ्याजवळ आली तेव्हा तिने विचारलं, "तिला सांगितलं व्हतंस का?"

"नाही, माय."

तिने माझ्या हातातलं टोक घेतलं, घडी पूर्ण केली, ती भिंतीशी ठेवली आणि तिच्यावर बसली. बराच वेळ आपले गुडघे चोळत राहिली.

"मंग मला कशापायी सांगतूस?" म्हणाली. "माझं एक लेकरू गेलंय. जे ऱ्हायलंय त्याच्यावर मी राग धरू का? माझ्यात तेवढं न्हाई ऱ्हायलं आता. तिला सांग. तिचा हक हाय. ती धरंल राग."

म्हणून हे, सुजा. प्राचार्यांना लहानपणीच्या आठवणी हव्या होत्या, त्यांना हेच कागद देणार आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. मामांनी वाचावं, डॉक्टर मॅडमनी वाचावं, पुण्याच्या बाईंना मी वेगळं पाठवतोय. तुझ्या मुलांनीही वाचावं.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तू केलं असतंस, मला माहीत आहे, आणि लवकर केलं असतंस. ते मला नको आहे. तू आधी चिडायला हवं होतंस. चहाचा कप आपटून, दोन दिवस न बोलता, मायला मध्ये घालून मला टोमणे मारत. तेवढा राग तुझा होता आणि तो मी तुझ्याकडून काढून घेतला. तुझ्या तुकड्याइतकाच तोही तुझा होता.

आता तुला सगळं माहीत आहे. धर राग, सुजा. मी कुठंही उठून जाणार नाही.